७.३६ या आकड्यामागे

वडिलांच्या धमनीतून काढलेल्या रक्ताचा अहवाल माझ्या हातात आला, तेव्हा त्यातल्या पहिल्याच ओळीने मला हायसे वाटले होते. पीएच, म्हणजे रक्ताच्या आम्लतेचे माप, ७.३६, आणि शेजारी छापलेली सामान्य मर्यादा ७.३५ ते ७.४५. आकडा मर्यादेच्या आत होता. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी मात्र ती ओळ ओलांडून खालच्या दोन ओळींवर बोट ठेवले. कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ५८ मिलिमीटर इतका होता. तो ४० च्या आसपास असायला हवा होता. बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाला निष्प्रभ करणारा रक्तातला आम्लारी घटक, लिटरमागे ३२ मिलिमोल होते. ते २४ च्या आसपास असायला हवे होते. "पीएच बरोबर दिसतो आहे, कारण यांची मूत्रपिंडे बऱ्याच दिवसांपासून फुप्फुसांची उणीव भरून काढत आहेत," एवढे सांगून ते पुढच्या रुग्णाकडे गेले.

त्या एका वाक्याचा पूर्ण अर्थ लागायला मला बरेच वाचन करावे लागले. वडिलांच्या खाटेशेजारच्या खुर्चीत सुरू झालेले ते वाचन वडील घरी परतल्यावरही चालूच राहिले. रक्तातले आम्ल आणि आम्लारी यांचे संतुलन म्हणजे योग्य प्रमाणात मिसळून ठेवलेले एखादे द्रावण असावे, अशी माझी तोवरची समजूत होती. प्रत्यक्षात शरीरात दर क्षणाला आम्ल तयार होत असते, ते दर क्षणाला बाहेर टाकले जात असते, आणि अहवालावरचा पीएच हा या दोन प्रवाहांच्या मधोमध उमटलेला आकडा असतो. तो आकडा सामान्य असणे आणि त्यामागची व्यवस्था सुस्थितीत असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला वडिलांच्या आजारामुळे कळले, आणि तेच इथे सविस्तर मांडायचे आहे.

आधी या मापाविषयी. पीएच हे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचे लघुगणकी माप आहे. मातीविषयीच्या मराठी पुस्तकांत त्यालाच सामू म्हणतात. कोपेनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांच्या कार्याचा अभ्यास करताना सॉरेन्सेन यांनी १९०९ मध्ये ते मांडले. लहान-मोठ्या आकड्यांचा अवाढव्य पल्ला त्यामुळे एका छोट्या पट्टीवर मावतो, ही त्याची सोय. पण याच सोयीमुळे मोठे बदल क्षुल्लक वाटू लागतात, आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी तरी हे ध्यानात ठेवावे असे मला वाटते. पीएच ७.४ असताना एक लिटर रक्तद्रवात सुमारे ४० नॅनोमोल हायड्रोजन आयन असतात. तोच ७.१ वर आला, तर ते ८० होतात, म्हणजे दुप्पट. दशांश चिन्हानंतरचा तीनचा फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण शरीरातल्या इतर कोणत्याही महत्त्वाच्या घटकाचे प्रमाण दुप्पट झाले, तर त्याला कोणी किरकोळ म्हणणार नाही. साधारण ६.८ ते ७.८ या पट्ट्याच्या बाहेर जगणे जवळजवळ अशक्य मानले जाते. आयनांच्या भाषेत तो पट्टा सुमारे १६० पासून १६ नॅनोमोलपर्यंतचा आहे.

मोल हे पदार्थातल्या कणांची संख्या मोजण्याचे एकक आहे; मिलिमोल म्हणजे त्याचा हजारावा आणि नॅनोमोल म्हणजे अब्जावा भाग. रक्तातले सोडियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या जवळजवळ ३५ लाख पट. इतक्या विरळ घटकावर शरीर एवढे बारीक लक्ष का ठेवते, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर प्रथिनांत आहे. हायड्रोजन आयन अत्यंत लहान आणि विद्युतभारित असतो, आणि प्रथिनांच्या साखळीवरच्या ठरावीक जागांना, विशेषतः हिस्टिडिन या अमिनो आम्लाला, तो चटकन चिकटतो किंवा तिथून सुटतो. तो चिकटला की त्या जागेचा विद्युतभार बदलतो, भार बदलला की प्रथिनाची घडी बदलते, आणि घडी हेच प्रथिनाचे सामर्थ्य असते. विकरे, पेशींच्या आवरणातल्या वाहिन्या, स्नायूंचे आकुंचन घडवणारे तंतू हे सगळे त्या घडीवर अवलंबून असतात. म्हणूनच रक्त फार आम्लधर्मी झाले की हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी होऊ लागतो आणि ॲड्रेनलिनला मिळणारा प्रतिसादही मंदावतो. उलट बाजूने, कोणी घाबरून भराभर श्वास घेऊ लागले आणि रक्त अल्पावधीत आम्लारीधर्मी झाले, तर रक्तातला मोकळा कॅल्शियम प्रथिनांना अधिक प्रमाणात चिकटतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येऊ लागतात.

आता आम्ल किती तयार होते ते पाहू. पेशींमध्ये अन्नाचे ज्वलन होऊन दिवसाला सुमारे १३ ते १५ हजार मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो; वायूच्या रूपात तो ३०० लिटरच्या आसपास भरतो. हा वायू पाण्यात विरघळून कार्बॉनिक आम्ल बनते, पण ते परत फुटून वायू होऊ शकत असल्यामुळे फुप्फुसांतून निघून जाते. दुसऱ्या प्रकारचे आम्ल असे उडून जाऊ शकत नाही. प्रथिनांतल्या गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते, काही संयुगांपासून फॉस्फोरिक आम्ल तयार होते, आणि प्रौढ माणसात त्यांची बेरीज शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण एक मिलिमोल होते. सत्तर किलोच्या माणसात सत्तर मिलिमोल धरू. पेशींच्या बाहेरच्या सुमारे १५ लिटर द्रवात मोकळे हायड्रोजन आयन एकूण ६०० नॅनोमोलच असतात. म्हणजे रोज पडणारी भर ही मोकळ्या साठ्याच्या एक लाखाहून अधिक पट असते. हा हिशेब मी कागदावर दोनदा करून पाहिला, कारण पहिल्यांदा माझा त्यावर विश्वास बसेना. एवढी भर रोज पडत असूनही पीएच दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानावर हलत राहतो, याचे पहिले कारण म्हणजे बफर.

बफर म्हणजे सौम्य आम्ल आणि त्याचाच आम्लारी भाग यांची जोडी. बाहेरून आलेला हायड्रोजन आयन आम्लारी भाग पकडून ठेवतो आणि मोकळे आयन फारसे वाढत नाहीत. रक्तात अशा अनेक जोड्या आहेत: हिमोग्लोबिन, रक्तद्रवातली प्रथिने, फॉस्फेट, आणि सर्वांत मोठी कार्बॉनिक आम्ल-बायकार्बोनेटची. हाडांतले क्षारही दीर्घकाळच्या आम्लतेत हळूहळू वापरले जातात, आणि त्याची किंमत हाडांनाच मोजावी लागते.

बायकार्बोनेटच्या जोडीत एक गंमतीचा विरोधाभास आहे, आणि मला वाटते की हा विषय समजण्याची किल्ली तिथेच आहे. कोणताही बफर सर्वांत प्रभावी ठरतो तो त्याच्या स्वतःच्या ठरावीक पीएचच्या जवळपास. या जोडीचा तो आकडा ६.१ आहे, म्हणजे रक्ताच्या ७.४ पासून बराच दूर. रसायनशास्त्राच्या कसोटीवर हा बफर सुमार ठरायला हवा. बंद बाटलीत तो तसा ठरतोही. रक्तद्रवात बायकार्बोनेट २४ मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोल असतो. गुणोत्तर वीसास एक. आता अशा द्रवाच्या एका लिटरमध्ये, बाकीचे बफर बाजूला ठेवून, १२ मिलिमोल तीव्र आम्ल घातले अशी कल्पना करू. बारा बायकार्बोनेट खर्च होतील, तेवढाच कार्बन डायऑक्साइड नव्याने तयार होईल, आणि बाटली बंद असेल तर एकीकडे १२ व दुसरीकडे १३.२ असा हिशेब होऊन पीएच ६.०६ वर कोसळेल. त्या पीएचला कोणी जगू शकत नाही. पण बाटलीचे तोंड उघडे असेल आणि नव्याने तयार झालेला सगळा वायू निघून जाऊ शकत असेल, तर बारास १.२ हे गुणोत्तर राहील आणि पीएच ७.१ वर थांबेल. आणि उघड्या तोंडातून नेहमीपेक्षा जास्त वायू खेचून घेतला, कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० वरून २६ मिलिमीटरवर आणला, तर तोच पीएच ७.२९ भरेल. आम्ल तेवढेच, बायकार्बोनेट तेवढेच गमावलेले. फरक पडला तो फक्त वायूला बाहेर जायला वाट असण्याचा. शरीरात ती वाट म्हणजे फुप्फुसे.

या गुणोत्तराचे गणित हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये मांडले आणि कोपेनहेगनच्या कार्ल हॅसलबाख यांनी १९१६ मध्ये सॉरेन्सेनच्या लघुगणकी भाषेत बसवले. समीकरणातली मुख्य गोष्ट शब्दांत सांगता येते: पीएच बायकार्बोनेटवर एकट्याने अवलंबून नाही, कार्बन डायऑक्साइडवरही एकट्याने अवलंबून नाही, तो त्या दोघांच्या गुणोत्तरावर अवलंबून आहे. अंश (बायकार्बोनेट) आणि छेद (कार्बन डायऑक्साइड) दोन्ही वाढले, तर गुणोत्तर जागच्या जागी राहू शकते. वडिलांच्या अहवालात नेमके हेच झाले होते. बत्तीस बायकार्बोनेट आणि ५८ मिलिमीटर दाबाला विरघळणारा १.७४ मिलिमोल वायू यांचे गुणोत्तर १८.४ येते, आणि त्यातून ७.३६ हा पीएच निघतो.

पेशींपासून फुप्फुसांपर्यंत हा वायू वाहून नेण्याचे काम लाल रक्तपेशी ज्या रीतीने करतात, ती मला या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची अभिक्रिया आपोआप होते खरी, पण सावकाश; आणि रक्त फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत विश्रांतीच्या स्थितीत जेमतेम पाऊण सेकंद असते. लाल पेशींत ही अभिक्रिया वेगाने घडवणारे विकर असले पाहिजे, या विचारातून मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्बॉनिक अनहायड्रेज शोधून काढले. जस्ताचा अणू पोटात धरून बसलेल्या या विकराचा एकेक रेणू सेकंदाला लाखो वेळा हे रूपांतर घडवतो. पेशींजवळ वायू लाल पेशीत शिरतो, क्षणार्धात बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन तयार होतात. बायकार्बोनेट क्लोराइडच्या बदल्यात रक्तद्रवात जाते आणि हायड्रोजन आयन हिमोग्लोबिनला चिकटतो. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन हायड्रोजन आयन अधिक सहज स्वीकारते, म्हणजे जिथे आम्ल तयार होते, नेमक्या तिथेच त्याला धरून ठेवणारी जागा मोकळी होते. फुप्फुसांत ऑक्सिजन मिळताच हिमोग्लोबिन तो आयन सोडते, उलट दिशेची अभिक्रिया होते आणि वायू उच्छ्वासातून निघून जातो. एवढा मोठा भार वाहूनही शिरेतल्या रक्ताचा पीएच धमनीतल्यापेक्षा शतांशाच्या तीन-चार घरांनीच कमी असतो.

श्वासाचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून होते. कार्बन डायऑक्साइड रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सहज ओलांडतो, तिथल्या द्रवात आम्ल निर्माण करतो, आणि ते आम्ल ओळखणाऱ्या चेतापेशी श्वासाचा वेग व खोली वाढवतात. मानेतल्या मोठ्या धमन्यांजवळचे ग्राहक हेच काम रक्तातला पीएच आणि ऑक्सिजन पाहून करतात. या ग्राहकांवरच्या संशोधनासाठी कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. श्वास रोखून धरल्यावर काही वेळाने जी असह्य तळमळ होते, ती मुख्यतः साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. आणि रक्तात दुसरे एखादे आम्ल साठले, तर हीच यंत्रणा श्वास वाढवून छेद कमी करते. मधुमेहात इन्शुलिनअभावी किटोन आम्ले साठलेल्या रुग्णांचा खोल, एकसारखा श्वास आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये वर्णन केला. पाहणाऱ्याला वाटते की या माणसाला हवा कमी पडते आहे. खरे तर तो श्वासाच्या वाटेने आम्ल बाहेर काढत असतो. असा श्वास दिसला, तर तो थोपवण्याचा प्रयत्न न करता तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

फुप्फुसे मिनिटांत प्रतिसाद देतात, पण त्यांना एक गोष्ट साधत नाही. बारा बायकार्बोनेट खर्च झाले, तर ते पुन्हा तयार करणे त्यांच्या हातात नाही. ते काम मूत्रपिंडांचे, आणि ते सावकाश, काही दिवसांच्या अवधीत होते.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्याबरोबर ४,३०० मिलिमोलच्या आसपास बायकार्बोनेटही गाळून नळ्यांत येते. ते तसेच वाहून गेले, तर माणूस काही तासांतच तीव्र आम्लतेत जाईल. म्हणून ते जवळजवळ सगळेच्या सगळे परत घेतले जाते, आणि त्यातला बहुतेक भाग नळीच्या पहिल्या वळणांतच. पण हे झाले गाळलेले परत मिळवणे. रोजचे सत्तर मिलिमोल आम्ल अजून शिल्लकच असते, आणि ते लघवीतून टाकायचे, तर तिथे एक मोठी अडचण उभी राहते. मूत्रपिंड लघवीचा पीएच जास्तीत जास्त ४.५ पर्यंतच खाली नेऊ शकते. त्या पीएचला एक लिटर लघवीत मोकळे हायड्रोजन आयन मावतात फक्त ०.०३ मिलिमोल. सत्तर मिलिमोल मोकळ्या रूपात टाकायला रोज दोन हजार लिटरहून अधिक लघवी लागेल.

यावर शरीराने काढलेला तोडगा असा की आयन मोकळे न सोडता कशाच्या तरी हाती देऊन बाहेर पाठवायचे. गाळून आलेले फॉस्फेट त्यातले काही आयन घेऊन जाते; पण फॉस्फेट किती मिळेल हे मूत्रपिंडाच्या हातात नसते. उरलेला, बहुतेक वेळा मोठा भाग अमोनियाकडे जातो, आणि तो मूत्रपिंड स्वतः घडवते. नळीच्या पेशी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल रक्तातून उचलतात, ते फोडून अमोनियम तयार करतात, आणि त्याच प्रक्रियेतून नवे बायकार्बोनेट तयार होऊन रक्तात जमा होते. अमोनियम लघवीत गेले की तो व्यवहार पक्का झाला. नेहमी दिवसाला ३० ते ४० मिलिमोल अमोनियम बाहेर टाकणारे मूत्रपिंड आम्लता टिकून राहिली, तर काही दिवसांत हे काम कित्येक पटींनी वाढवू शकते, कारण त्यासाठी लागणारी विकरे पेशी नव्याने घडवतात. विकरे घडवायला वेळ लागतो, म्हणूनच मूत्रपिंडाचा प्रतिसाद मिनिटांचा नसून दिवसांचा असतो. जुनाट मूत्रपिंड विकारात कार्यरत नळ्यांची संख्या घटली की अमोनियम कमी पडते, आम्ल साठू लागते, आणि अशा रुग्णांना सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या दिल्या जातात. त्या गोळ्या साध्या दिसत असल्या, तरी वैद्यकीय सल्ल्याविना घेण्याच्या नाहीत.

वडिलांच्या बाबतीत काय घडले असावे, ते इथवर आल्यावर मला नीट दिसू लागले. फुप्फुसांच्या जुन्या विकारामुळे वायू पुरेसा बाहेर पडत नव्हता. छेद वाढत होता. मूत्रपिंडांना तो वायू कमी करण्याचा मार्ग नसल्यामुळे त्यांनी अंश वाढवला: अमोनियम जास्त टाकले, बायकार्बोनेट जास्त तयार केले आणि ते रक्तात धरून ठेवले. आठवडे, कदाचित महिने, कोणाच्याही नकळत हे काम चालू होते, आणि त्याची एकमेव खूण म्हणजे ३२ हा आकडा.

हा आकडा किती फसवू शकतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण १९५२ च्या उन्हाळ्यातले आहे. कोपेनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली होती आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम रुग्णालयात येत होते. तिथे श्वासाला साहाय्य करणारी यंत्रे मोजकीच होती, आणि त्यांच्या आधारावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. प्रयोगशाळेत त्या काळी रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजत, आणि त्यातला बहुतांश भाग बायकार्बोनेटच्याच रूपात असतो. तो आकडा रुग्णांमध्ये खूप वाढलेला दिसे, आणि बायकार्बोनेट आम्लारी असल्यामुळे रक्त आम्लारीधर्मी झाले असावे, असा अर्थ लावला जात होता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी वेगळा अर्थ लावला: या रुग्णांचा वायू बाहेरच पडत नाही, आणि आकडा वाढला आहे तो त्यामुळे. पॉल ॲस्ट्रप यांनी पीएच प्रत्यक्ष मोजला आणि तो खाली गेलेला आढळला. ऑगस्टच्या अखेरीस इब्सेन यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन, नळी घालून, हाताने पिशवी दाबत तिला श्वास दिला आणि तिचा जीव वाचला. त्यानंतर सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, महिनोन्महिने, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. एका आकड्याचा अर्थ बरोबर लागल्यामुळे इतके जीव वाचल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात फार नसतील. आजच्या अतिदक्षता विभागाची आणि धमनीतल्या रक्ताच्या तपासणीची वाटचालही बऱ्याच अंशी त्या साथीपासूनच सुरू झाली. वडिलांच्या खाटेजवळ जो कागद माझ्या हातात आला, त्यावर पीएच, वायूचा दाब आणि बायकार्बोनेट हे तिन्ही एकत्र छापलेले असतात, त्यामागे हा अनुभव आहे.

जठराविषयी थोडक्यात सांगते. जठरात पीएच एक-दोनपर्यंत उतरतो, आणि तिथल्या पेशी जितके आम्ल जठरात सोडतात, तितकेच बायकार्बोनेट रक्तात सोडतात. पुढे स्वादुपिंड आतड्यात बायकार्बोनेट सोडून हा हिशेब मिटवते. सतत उलट्या झाल्या, तर जठरातले आम्ल गमावले जाते आणि रक्त आम्लारीधर्मी होते. तीव्र जुलाब झाले, तर आतड्यातले बायकार्बोनेट गमावले जाते आणि रक्त आम्लधर्मी होते. पटकीच्या रुग्णांच्या रक्तातले पाणी, क्षार आणि आम्लारी घटतात, हे विल्यम ओ'शॉनेसी यांनी १८३१-३२ मध्येच दाखवून दिले होते. जलसंजीवनीच्या पाकिटात साखर-मिठाबरोबर सायट्रेट असते, ते याचसाठी. यकृत त्याचे बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करते.

हे सगळे वाचून झाल्यावर "शरीरातली आम्लता घालवणारे" पाणी आणि आहार यांच्या जाहिराती वाचणे मला कठीण जाऊ लागले. आम्लारीधर्मी पाण्याचा घोट जठरातल्या आम्लात निष्प्रभ होतो. आहारात फळे-भाज्या वाढल्या, तर लघवीचा पीएच वाढतो हे खरे आहे, पण तो मूत्रपिंडांनी आपले काम केल्याचा पुरावा असतो. रक्ताचा पीएच होता तिथेच राहतो. फळे-भाज्या खाव्यात, त्याची इतर अनेक चांगली कारणे आहेत. परंतु ज्याची फुप्फुसे किंवा मूत्रपिंडे खरोखरच थकली आहेत, अशा माणसाला पाण्याच्या बाटलीवर विसंबायला सांगणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यामुळे तपासणीला आणि उपचाराला उशीर होतो.

वडिलांना रात्री झोपेत तोंडा-नाकावर मुखवटा लावून श्वासाला आधार देणारे यंत्र सुरू केले. दोन रात्रींनंतरच्या अहवालात वायूचा दाब ४८ वर आला होता, पण बायकार्बोनेट अजून ३१ होते आणि पीएच ७.४३ झाला होता. फुप्फुसांचा भार हलका झाला, तरी मूत्रपिंडांनी साठवलेले बायकार्बोनेट तसेच होते. डॉक्टरांनी या वेळी थोडा वेळ काढून समजावले की ते सोडून द्यायला मूत्रपिंडाला क्लोराइड लागते, आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्यांमुळे वडिलांच्या शरीरातले क्लोराइड व पोटॅशियम दोन्ही कमी झाले आहे. म्हणून त्या गोळ्यांची मात्रा घटवून पोटॅशियम क्लोराइड सुरू केले. तिसरा अहवाल आठवड्याने आला. वायूचा दाब ४७, बायकार्बोनेट २८, पीएच ७.४०. या वेळी मी पहिली ओळ शेवटी वाचली.